सुट्टीचे पॉइंट घेताना

मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की घरोघरी एकच विषय निघतो: यंदा चार दिवस थंड हवेला कुठे जायचे? नेमक्या याच सुमारास फोन येतो. कुठल्याशा दुकानात भरलेल्या कुपनावर भेटवस्तू लागलेली असते आणि ती घ्यायला पतिपत्नी दोघांनीही हॉटेलात येणे आवश्यक असते. दोघांनीही, कारण एकटा आलेला माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणून उठू शकतो! तिथे दोन तास रंगीत चित्रे दाखवून झाली, की शेवटी कागद पुढे येतो. सवलत फक्त आजच्या दिवसापुरती.

भारतात टाइमशेअर रुजला तो स्टर्लिंग हॉलिडेज (१९८६) आणि महिंद्र हॉलिडेज (१९९६) यांच्या काळात. ठरावीक मोसमात वर्षाला सात रात्री, बरीच वर्षे, अशी त्याची साधी मांडणी होती. पॉइंटची पद्धत याहून वेगळी. इथे आठवडा मिळत नाही. दरवर्षी खात्यावर पॉइंट जमा होतात आणि प्रत्येक रिसॉर्ट, प्रत्येक खोली व प्रत्येक मोसम यांचा दर पॉइंटमध्ये ठरलेला असतो. कल्पना तशी जुनीच. स्वित्झर्लंडमध्ये हापीमाग ही संस्था १९६३ पासून या वाटेने चालली आहे. सोय खरी आहे: दोन रात्री इथे, तीन तिथे, एखाद्या वर्षी लहान खोली घेऊन जास्त दिवस. पण रुपयाला बाजारात दहा दुकाने असतात, पॉइंटला एकच. त्या दुकानाचे दरपत्रकही दुकानदारच लिहितो. म्हणून करारात पहिली ओळ शोधायची ती ही, की पॉइंटचा तक्ता कंपनीला पुढे बदलता येतो का, आणि वार्षिक शुल्क किती वाढवता येते.

आता हिशेब. झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ आणि त्यांची पत्नी डोळ्यांसमोर आणावीत. घराणे पिढ्यान्‌पिढ्या झाशीतले, मुलगा-सून पुण्याला, नातू शाळेत. निवृत्तीच्या रकमेतले चार लाख रुपये 'पंचवीस वर्षांच्या सुट्ट्यां'साठी द्यावेत असे गृहस्थांच्या मनात आहे. बाई विचारतात, "अहो, पण एका रात्रीला पडतात किती?" हॉटेलातल्या त्या दोन तासांत हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

समजा, वार्षिक शुल्क १८,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २१,२४० झाले. ते चार लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २८,००० व्याज आले असते. ते आता येणार नाही. म्हणजे वर्षाचा खर्च ४९,२४० रुपये. सात रात्रींनी भागले तर रात्रीला सुमारे ७,०३४. त्यात जेवण नाही, प्रवास नाही. शिवाय बँकेतले चार लाख पंचवीस वर्षांनी परत मिळाले असते, हे परत मिळत नाहीत. तेवढ्याच दर्जाची खोली त्याच गावात, त्याच तारखांना कितीला मिळते, एवढे विचारून घेतले की निम्मा निर्णय होतो.

उरलेला निम्मा मोसमावर. नातवाच्या शाळेला सुट्टी असणार मे महिन्यात किंवा दिवाळीत, आणि नेमके तेव्हाच पॉइंटचे दर सर्वांत चढे. समजा, वर्षाला ७०० पॉइंट मिळतात आणि सुटीच्या गर्दीत एका रात्रीला १५० लागतात. सातच्या चार रात्री झाल्या आणि १०० पॉइंट उरले. मग एक रात्र बारा हजारांच्या वर गेली! ज्यांना जुलैत किंवा फेब्रुवारीत केव्हाही निघता येते, त्यांच्यासाठी हाच सौदा वाईट नाही. निवृत्त दांपत्य एकटेच जाणार असेल तर तोच फायदा त्यांनाही मिळेल. पण घेताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नातवंडे असतात.

झाशीकरांना आणखी एक अडचण आहे. खोली काही महिने आधी राखून ठेवावी लागते, तर रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी सुरू होते. कोकणात जायला मंगला एक्सप्रेस झाशीवरून थेट आहे खरी. पण मे महिन्यात तिकीट मिळालेच नाही तर राखलेल्या खोलीचे काय? रद्द केल्यावर पॉइंट परत येतात की बुडतात, आणि उरलेले पुढच्या वर्षी चालतात का, हे तोंडी नव्हे, करारात वाचावे.

घ्यायचेच ठरले तर नवे घेण्याआधी जुन्या सभासदाकडचे मिळते का पाहावे. ते सहसा पुष्कळ स्वस्त असते. मात्र नाव बदलायला कंपनीची संमती आणि शुल्क लागते, काही सवलती नव्या मालकाकडे जात नाहीत आणि मागची थकबाकी निघाली तर डोकेदुखी. कंपनीकडून 'बाकी काही नाही' असे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हप्त्याने घेणार असाल तर व्याज वरच्या हिशेबात मिळवावे. चार लाखांचे कितीतरी अधिक होतात. आणि आधी एकदा ओळखीच्या सभासदाचे पाहुणे म्हणून राहून यावे. खोली, स्वयंपाकघर, जेवणाचे दर सगळे कळते.

'वापरले नाही तर पैसे वाढून परत' असे कुणी म्हटले, तर मात्र खुर्चीवरून उठावे. पॅनकार्ड क्लब्जचे उदाहरण महाराष्ट्र विसरलेला नाही. हॉटेलातल्या पुढच्या रात्री विकायच्या आणि न राहिल्यास मुदतीनंतर वाढीव रक्कम द्यायची, अशी ती योजना होती. गावोगावच्या एजंटांनी ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना, सोयऱ्यांना विकली. ही सुट्टी नव्हे, नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असे सेबीने ठरवले आणि २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करायला सांगितले. गुंतवणूकदार ५० लाखांवर होते. आदेश झाला, पण पुढे कित्येक वर्षे लोकांचे हेलपाटे चालूच राहिले.

युरोपात टाइमशेअरचा करार केल्यावर १४ दिवसांत कारण न देता मोडता येतो आणि तोवर आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा खास कायदा नाही. काही कंपन्या करारातच थोड्या दिवसांची मुभा देतात, ती किती दिवसांची आणि कळवायचे कसे, हे सहीपूर्वी पाहून ठेवावे. कराराची कोरी प्रत घरी न्यायला मागावी. वाद झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी चेन्नईची असो वा मुंबईची, झाशीच्या माणसाला झाशीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.