ओंडक्यातील पूर्वज आणि आपले ऋण

‘कर्ज’ हा शब्द बँकेशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. ‘ऋण’ हा शब्द त्याहून अधिक व्यापक. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी त्याची वर्गवारी आपल्या परंपरेने केली आहे. दुसऱ्या समाजाची कला आपण उचलतो, तेव्हाही असेच एक ऋण आपल्या नावे पडते. परंतु त्याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन बेटांची ‘टिकी’ ही शिल्पाकृती याचे बोलके उदाहरण आहे.

वटारलेले डोळे, रुंद मुख, आखूड वाकलेले पाय अशी लाकडी टिकी आज जगभरातील हौशी कारागीर मोठ्या आवडीने कोरतात. या आवडीचा उगम बहुतांशी अमेरिकेतील आहे. तेथे १९३० च्या दशकात पॉलिनेशियन थाटाची मद्यगृहे निघाली, दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची लाटच आली आणि टिकीचा चेहरा पेल्यापेल्यांवर झळकू लागला.

मूळ बेटांवर मात्र हा चेहरा गंमतीचा नाही. मार्केसास द्वीपसमूहात टिकी म्हणजे देवत्व पावलेला पूर्वज. न्यूझीलंडच्या माओरी परंपरेत टिकी हा आद्य मानव. मस्तक हे ‘मना’ या पवित्र शक्तीचे स्थान, म्हणून ते देहाच्या मानाने मोठे. रुरुतू बेटावरील ‘आआ’ या काष्ठमूर्तीच्या अंगावर तर तीस लहान मानवाकृती कोरलेल्या आहेत. बेटवासीयांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर १८२१ साली ती मिशनऱ्यांच्या स्वाधीन झाली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या काळात अशा कित्येक मूर्ती अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडल्या.

या शिल्पाची घडण कारागिराने अभ्यासावी अशीच आहे. बहुधा एकाच ओंडक्यातून संपूर्ण मूर्ती साकारते. हात पोटावर टेकलेले असतात. शरीरापासून दूर काढलेला हात लाकडाच्या रेषांना आडवा जातो आणि सहज मोडतो. पोटाशी घेतलेला हात मात्र टिकतो. श्रद्धा आणि लाकडाची जाण यांचा असा मेळ लोखंड ठाऊक नसलेल्या कारागिरांनी पाषाणाच्या वाकसाने साधला, हे विशेष. मार्केसासचे कारागीर वापरतात ते ‘मिरो’चे लाकूड आपल्याला परके नाही, कोकण किनाऱ्यावर वाढणारा परसपिंपळ तो हाच.

मग परक्याने टिकी कोरूच नये काय? आमचे मत तसे नाही. तिजोरीत बंद ठेवलेले धन वाढत नाही. कलेचेही तसेच आहे. मात्र उचल घेणाऱ्याने परतफेडीची जाणीव ठेवावी. ज्या बेटाची शैली घेतली त्याचे नाव सांगावे. मस्तक मोठे का, हात पोटावर का, हे पटाशी हाती धरण्यापूर्वी समजून घ्यावे. स्वतःची प्रतिकृती अस्सल म्हणून विकू नये. आणि अस्सल वस्तू हवी असेल तर तिचे मोल तेथील कारागिराच्याच हाती पडेल असे पाहावे. याच हेतूने न्यूझीलंडमध्ये २००२ साली माओरी कलाकृतींसाठी ‘तोई इहो’ हे प्रमाणचिन्ह सुरू झाले.

हा प्रश्न दूरच्या बेटांपुरता नाही. वारली चित्रे चादरींवर, पेल्यांवर, भिंतींवर सर्वत्र छापली जातात. ती काढणाऱ्या पाड्यांपर्यंत त्यातील किती पोहोचते? वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. वारली कलावंतासाठी आपण जो न्याय मागतो, तोच मार्केसासच्या कारागिरालाही मिळावा, असे आपण म्हटले पाहिजे. कायदा आणि प्रमाणचिन्हे आपापले काम करतील. पण दिवाणखान्यासाठी वस्तू निवडताना ती कोणाची, कोणी घडविली, एवढे दोन प्रश्न विचारणे प्रत्येक ग्राहकाच्या हाती आहे. तेवढ्यानेही या ऋणाचा पहिला हप्ता भरला जाईल.