सिस्टर जिना चढते तेव्हा

भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या आतल्या गल्ल्यांत ज्या जुन्या इमारती आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणींना लिफ्ट नाही. घरं घेतली तेव्हा जोडपी तिशीतली होती, जिन्याचा विचार कोण करतंय! स्टेशन जवळ, पाणी येतंय का, एवढंच बघितलं. आज तीच माणसं सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत. एकदा खुब्याचं हाड मोडलं किंवा अर्धं अंग गेलं की चौथ्या मजल्यावरच्या माणसाला खाली आणायला चार जण आणि एक खुर्ची लागते. मग डॉक्टरकडे जाणं पुढे ढकललं जातं. आणि पाठीला जखमा होतात.

या जिन्यांवर माझी एक मैत्रीण रोज चढते. रिटायर्ड नर्स आहे. माहेर वसईचं, घरी सामवेदी बोलणारी, रविवारचा मिस्सा न चुकवणारी. गल्लीत सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणतात. काहींना वाटतं ती मठातली सिस्टर आहे. "अगं, मठातली असते तर नवऱ्याचा डबा कोणी केला असता," असं म्हणून स्वतःच हसते.

काम काय करते? ड्रेसिंग. लघवीची पिशवी बघणं, शुगर तपासणं, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचं सकाळ-संध्याकाळचं गणित घरच्यांना समजावणं. पण मुख्य म्हणजे शिकवणं. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली उशी. माकडहाडापाशी कातडी लाल दिसली आणि ती लाली जात नसेल तर तिथे चोळायचं नाही, पावडर थापायची नाही, त्या कुशीवर झोपवायचंच नाही. एका वॉचमनच्या बायकोला तिने हे सगळं इतकं पक्कं शिकवलंय की ती आता सुनांना ओरडते.

आणि हे सगळं हसत. आजोबांशी क्रिकेटवरून भांडण, आजीच्या वेणीची चेष्टा. वसईहून येताना सुकेळी आणते, पण डायबेटिसवाल्यांना अर्धंच, आणि त्यावरूनही वाद! आपल्याकडे सेवा म्हटलं की चेहरा लांबट करायची पद्धत आहे. ‘मी तुमच्यासाठी किती करतो’ हे न बोलता कळलं पाहिजे, असा तो चेहरा. अंथरुणातल्या माणसाला तो बरोबर कळतो. आधीच दुसऱ्याकडून अंग पुसून घ्यायची लाज, त्यात हे ओझं. हिच्या हसण्याने ती लाज निम्मी होते. औषधाइतकंच ते कामाचं आहे असं मला वाटतं. हे हसू येतं कुठून असं मी विचारलं, तर म्हणाली, "सकाळी प्रार्थनेत दिवस त्याच्या हातात देऊन निघते, मग तोंड पाडायला कारण काय?" बस, एवढंच. प्रवचन नाही.

आता मुद्द्यावर येते. हल्ली गल्लीत कुजबुज आहे. धर्मांतराबद्दलचे फॉरवर्ड फिरतायत आणि कोणीतरी विचारलं, "फुकट येते म्हणजे काहीतरी हेतू असणारच ना?" एका घराने तर तिला नम्रपणे यायचं बंद करायला सांगितलं.

अहो, हेतू आहे की! तिच्या श्रद्धेनुसार आजारी माणसाला भेटणं म्हणजे देवाला भेटणं. हा हेतू ती लपवत नाही, आणि त्यासाठी समोरच्याने आपला देव बदलायची गरज तिला वाटत नाही. फसवून, आमिष दाखवून कोणी काही करत असेल तर त्याला जाब विचारा, जरूर विचारा. पण ड्रेसिंगच्या ट्रेकडे बघून संशय घ्यायचा? महाराष्ट्राला हे नवीन आहे का? डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे श्रद्धावान ख्रिस्ती जोडपं १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेलं. गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोगाची खूण, सगळं त्या बायकांच्या हातात दिलं. १९७९ ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरची माणसं शिकायला जामखेडला यायला लागली. वॉचमनच्या बायकोला शिकवणारी माझी मैत्रीण त्याच वाटेवरची, भले तिची वाट चार जिन्यांएवढी असेल.

पण तिचं कौतुक करून आपण मोकळे होणार असू तर तेही मला पटत नाही. तिचं वय चौसष्ट. तिचेच गुडघे बोलायला लागलेत. केरळने २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं. तिथे पंचायती आणि नगरपालिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नर्स पाठवतात, सोबत गल्लीतले स्वयंसेवक असतात. आपली १९८५ ची नगरपरिषद, २००२ ला महानगरपालिका झाली. रस्ते, गटारं, उद्यानं यांवर आपण नगरसेवकांना धरतो. प्रभागामागे घरी जाणारी एक नर्स द्या, असं कधी मागितलंय? लिफ्ट नसलेल्या इमारतींत अंथरुणाला खिळलेले किती, याची यादी तरी करायला लावू. प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला ती एका संध्याकाळी करता येईल. आमच्या इमारतीची मी केली, पाच नावं निघाली. तुमच्या इमारतीची कमेंटमध्ये नावं नकोत, फक्त आकडा लिहा. तो घेऊन प्रभाग कार्यालयात जाऊ.

आणि ते दार बंद केलेलं घर. सिस्टर तिथे जात नाही, रागही नाही. फक्त भेटली की मला विचारते, "आजींची कूस बदलतायत ना गं? डावी टाच बघ जरा." म्हणून सध्या मी जाते. काल टाच लाल होती.