कचेरीची वेळ आणि सायकलचा दिवा

दसऱ्याच्या सकाळी नगर जिल्ह्यातील कोणत्याही गावात फेरफटका मारावा. अंगणातून, दुकानांच्या पायऱ्यांवरून, कारखान्यांच्या फाटकापाशी यंत्रांची पूजा चाललेली दिसते. मोटारसायकली धुऊन चकचकीत केलेल्या असतात, ट्रॅक्टरच्या कपाळावर गंध ओढलेले असते, आणि या मांडामांडीच्या एका कोपऱ्यात, भिंतीला टेकवलेल्या एखाद्या जुन्या सायकलीच्या हँडलालाही झेंडूची माळ पडलेली असते. याच दिवसांत जिल्ह्यातील साखर कारखान्यांमध्ये बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. भाषणे होतात, नारळ फुटतात, आणि थोड्याच दिवसांत गळीत हंगामाला आरंभ होतो. या दोन पूजांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. परंतु ज्या सायकलीला माळ घातली ती आणि ज्या कारखान्यात अग्नी पेटला त्याकडे जाणारी उसाची गाडी, या दोहोंची गाठ पुढील चार-पाच महिने एकाच रस्त्यावर, बहुधा अंधारात, पडणार असते. प्रस्तुत लेखाचा विषय ही गाठ आहे.

शरद ऋतूचे कौतुक आपल्या वाङ्मयात पुष्कळ झाले आहे. पण ते चांदण्याचे आणि निरभ्र आकाशाचे. रोज सात-आठ किलोमीटर पेडल मारून कामावर जाणाऱ्या माणसाच्या अनुभवातला शरद थोडा निराळा असतो. नगर जिल्हा बव्हंशी पर्जन्यछायेत मोडतो. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर इतरत्र जून-जुलै कोरडे जाणे नवे नाही, आणि खरा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर येतो. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या एरवी दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या तालुक्यांत याच पावसाने हाहाकार केला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. हा पाऊस दुपार टळता टळता गडगडाटासह येतो. सकाळी निघताना आभाळ स्वच्छ असते म्हणून छत्री-रेनकोट घरी राहतो, आणि कचेरी सुटायच्या सुमारास पूर्वेकडे काळे दाटून येते. तो ओसरला की ऑक्टोबरचे ऊन. दमट जमिनीतून वाफ, वरून आग, आणि वारा पडलेला. पावसाळाभर पश्चिमेच्या वाऱ्याशी झुंजणाऱ्या सायकलस्वाराला वारा पडला हे वास्तविक सुख वाटावे. पण त्या उन्हात तोच वारा हवाहवासा होतो. आयुर्वेदाने शरदात पित्ताचा प्रकोप सांगितला आहे. दुपारी दोन वाजता माळीवाड्याहून सावेडीपर्यंत सायकलने गेलेल्याला त्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही.

तरीही सकाळचे दोन तास मात्र या ऋतूइतके सुंदर वर्षात दुसरे नाहीत. रस्त्याकडेच्या तरवडाला पिवळी फुले आलेली असतात, बाजरीची कणसे खळ्यात पडलेली असतात, गवतावर दव असते, आणि भिंगारहून शहराकडे येताना अंगाला नुसता गारवा लागतो. मी कित्येक वर्षे हा रस्ता सायकलने केला आहे आणि कचेरीत पोचल्यावर सहकारी विचारीत, ‘आज खुशीत दिसता?’ संध्याकाळी परतताना हा प्रश्न कुणी विचारला नाही. कारण शरदातील सायकलप्रवासाचे दुखणे सकाळचे नाही. ते संध्याकाळचे आहे, आणि त्याला आकाशापेक्षा सरकारी वेळापत्रक अधिक कारणीभूत आहे.

थोडा हिशेब मांडू. नगरला जूनअखेर सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास मावळतो. ऑक्टोबरच्या आरंभी ही वेळ सहा वीसवर, महिन्याच्या मध्याला सहा आठवर आणि अखेरीस सहाच्या ठोक्यावर येते. नोव्हेंबराच्या मध्यास सूर्यास्त सहाला सात-आठ मिनिटे कमी असतानाच होतो. त्यापुढे संधिप्रकाश म्हणावा असा वीस-बावीस मिनिटांचा. आता दुसरी बाजू पाहा. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईबाहेरील राज्य शासनाची कार्यालये सकाळी दहाला उघडत आणि पावणेसहाला सुटत. त्या वर्षी २९ फेब्रुवारीपासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि शनिवारच्या मोबदल्यात कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी झाली. शिपायांना तर साडेसहापर्यंत थांबावे लागते. निर्णय कर्मचाऱ्यांच्या दीर्घकालीन मागणीनुसार झाला, आणि दोन दिवसांच्या सुटीचे मोल मी नाकारीत नाही. पण पावणेसहाला सुटणारा मनुष्य ऑक्टोबरात अर्धी वाट उजेडात आणि उरलेली संधिप्रकाशात काटीत असे, तो आता फाटकाबाहेर पडतो तेव्हाच सूर्य मावळलेला असतो. नोव्हेंबरात तर संपूर्ण वाट अंधाराची. तीस मिनिटांचा फरक कागदावर क्षुल्लक आहे. रस्त्यावर तो उजेड आणि काळोख यांतील फरक आहे. हा निर्णय घेताना वीजबिल, इंधन, लोकल गाड्यांची गर्दी यांचा विचार झाला असेल. सायकलने घरी जाणारा शिपाई त्या टिपणीत कुठे असेल असे वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, आता सायकलने कचेरीत जातो कोण? आक्षेप अगदीच अप्रस्तुत नाही. नगरच्या कारकुनाची आणि मास्तरांची सायकल सुटली तिचा इतिहास नगरमध्येच घडला आहे. १९७२ साली बाजारात आलेली लूना ही छोटी मोपेड याच शहरातल्या कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यात तयार होत असे. तिला सायकलीसारखी पेडले होती. पेट्रोल संपले तर पाय मारीत घर गाठता येई. सायकलीवरून उतरण्यास संकोचणाऱ्या मध्यमवर्गाला तिने जणू पायरी करून दिली. पुढे वेतन आयोग आले, हप्त्यांची सोय झाली, आणि लूनावरून स्कूटरवर, स्कूटरवरून मोटारसायकलवर हा वर्ग केव्हा गेला ते त्याचे त्यालाही कळले नाही. याबद्दल कुणाला बोल लावण्याचे कारण नाही. पन्नाशीच्या मास्तरांनी वीस किलोमीटरवरच्या शाळेत सायकलनेच जावे, असे म्हणणारा बहुधा स्वतः मोटारीत बसलेला असतो.

परंतु सायकल संपली नाही. ती फक्त आपल्या नजरेतून गेली. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरील कामगार कामावर कसे जातात हे प्रथमच विचारण्यात आले. देशभरातील सुमारे वीस कोटींपैकी अडीच कोटींहून अधिक लोक सायकलने जात होते, दुचाकी वाहनाने जाणाऱ्यांच्या जवळपास तेवढेच. २०२१ ला व्हावयाची जनगणना लांबली आणि आता ती २०२७ साठी जाहीर झाली आहे. तोवर याहून ताजा आकडा मिळणार नाही. मात्र आकड्यावाचूनही डोळ्यांना दिसते ते असे : नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणारा कामगार, पहारेकरी, गवंडी, हॉटेलातला पोऱ्या, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात कामाला येणारा मजूर, आणि दप्तर कॅरिअरला लावून वस्तीवरून गावच्या शाळेत येणारी मुलगी. यांची सायकल हौसेची नाही. अलीकडे पहाटे रंगीत शिरस्त्राणे घालून गिअरच्या महागड्या सायकलींवरून डोंगरगणकडे जाणाऱ्या मंडळींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. त्यांचा व्यायाम स्तुत्यच आहे. पण नगरपित्यांना सायकल म्हटली की ती मंडळी आठवावीत आणि संध्याकाळी डबा अडकवून परतणारा पहारेकरी आठवू नये, हे कसले लक्षण?

पूर्वी सायकलस्वाराकडे निदान शासनाचे लक्ष असे. ते त्याला पकडण्यासाठी का होईना. नगरपालिकेचा सायकल-कर भरून बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसेल तर पोलिस अडवीत, डबलसीट दिसले की चाकातली हवा सोडीत. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ते रॉकेलचे दिवे आणि नंतरचे टायरला घासून चालणारे डायनामो आठवतील. चढावर दिवा मंद होई आणि उतारावर झगझगीत. पोलिस दिसताच खाली उतरून सायकल हातात धरून चालण्याची युक्ती विद्यार्थिदशेत कुणी केली नाही? तो बिल्ला गेला, दंड गेला, आणि दिवाही गेला. हा सायकलस्वाराला मिळालेला दिलासा समजू नये. वाहन म्हणून त्याची मोजदादच बंद झाली, एवढाच त्याचा अर्थ. २०२० मध्ये केंद्र शासनाने नव्या सायकलींवरील परावर्तकांच्या दर्जाविषयी आदेश काढला. ते योग्यच झाले. पण रस्त्यावर धावणाऱ्या सायकली बहुतांशी जुन्या, दोन-तीन हात बदललेल्या. त्यांना परावर्तक लावून कोण देणार? शे-दीडशे रुपयांचा मागचा लाल दिवा ही किंमत पगारदाराला हास्यास्पद वाटेल. रोजंदारीवाल्याला ती पंक्चर आणि टायर यांच्यानंतर सुचते, म्हणजे सुचतच नाही.

आता रस्त्याकडे वळू. पावसाळा सरला की खड्डे बुजविण्याचे आदेश निघतात. खड्डे बुजतातही, पण बहुधा मधले, कारण मोटार मधून जाते. पावसाने खचलेली साइडपट्टी तशीच राहते आणि डांबराच्या कडेला वीतभर पायरी तयार होते. सायकलस्वाराची जागा नेमकी त्या कडेवर. मागून भोंगा वाजला की त्याला ती पायरी उतरावी लागते. पुन्हा वर चढताना पुढचे चाक कडेला घासून माणूस आडवा होतो, तोही रस्त्याच्या बाजूला. दिवसाउजेडी हे सांभाळता येते. नगर-मनमाड मार्गाच्या दुरवस्थेसाठी वर्षानुवर्षे आंदोलने झाली, त्यांत शिर्डीच्या यात्रेकरूंचा आणि मालमोटारींचा उल्लेख पुष्कळदा आला. सायकलींचा मी तरी ऐकला नाही. शहरातला उड्डाणपूल २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हा वरचा वेग किती वाढणार याची चर्चा झाली. सायकलस्वार पुलाखालीच राहिला, रिक्षा, हातगाड्या आणि लावून ठेवलेल्या मोटारींच्या मधून वाट काढीत.

आणि याच रस्त्यावर ऊस येतो. सहकारी साखर कारखानदारीचा पाया या जिल्ह्यात, प्रवरानगरला घातला गेला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या कार्याबद्दल जिल्ह्याला अभिमान आहे आणि तो यथार्थ आहे. तेव्हा बैलगाडीने येणारा ऊस आज ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून येतो. ट्रॉलीबाहेर ऊस दोन्ही अंगांना हात-हातभर लोंबतो, मागचा दिवा असलाच तर त्या पाचटाआड झाकलेला, आणि चालकाच्या कानाशी गाण्यांचा कर्णा लावलेला. बैलगाड्या तर मुळातच दिव्यावाचून. दर हंगामाच्या आरंभी परावर्तक चिकटविण्याच्या मोहिमा होतात, त्यांची छायाचित्रेही छापून येतात. जानेवारीपर्यंत ते परावर्तक चिखलाने माखलेले असतात. एका नोव्हेंबरात समोरच्या मोटारीच्या प्रखर झोतात डोळे दिपले असता मी उभ्या, बंद पडलेल्या अशा एका ट्रॉलीवर जाऊन आदळलो. उसाच्या शेंड्यांनी चेहरा ओरबाडला, एवढ्यावर निभावले. ट्रॉलीमागे इशारा म्हणून ठेवलेला दगड मला पडल्यावर दिसला. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक. प्रमाण लहान दिसते, कारण सायकलस्वार मेला तर ती बातमी बहुधा आतल्या पानावर, ‘अज्ञात वाहनाची धडक’ या मथळ्याखाली चार ओळींत आटोपते.

परदेशांचे दाखले देण्याचा कंटाळा येतो, पण एक दिल्यावाचून राहवत नाही. नेदरलँड्स हा आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो आणि तो जन्मजातच तसा असावा असा समज आहे. वस्तुस्थिती अशी की १९७१ साली तेथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले आणि सरकारला धोरण बदलावे लागले. तिथला शरद आपल्याहून कितीतरी पावसाळी आणि वादळी. सायकलने फिरणारा समाज हवामानाने घडत नसतो, हा त्यातला मुद्दा. आपल्याकडे पुण्यात सायकल-मार्ग आखले गेले, २०१७ मध्ये सर्वंकष आराखडा झाला, भाड्याच्या सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. मार्गांवर मोटारी उभ्या राहिल्या. नगरने हा महागडा प्रयोग जसाच्या तसा उचलावा असे मी सुचविणार नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. निर्णय चांगला आहे. त्याने चार-पाच हजारांच्या सायकलीमागे दोन-तीनशे रुपये वाचतील. पण त्याच दिवशी साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर अठ्ठावीसवरून अठरावर आला, म्हणजे तिथली बचत हजारांत आहे. रस्त्यावरची गर्दी कोणत्या बाजूने वाढेल हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.

मग करावे काय? शिक्षक वाचकांना ऋतुमानानुसार वेळ बदलणे अपरिचित नाही. उन्हाळा लागला की सकाळची शाळा भरते. त्यासाठी आकाशपाताळ एक करावे लागत नाही. मुले उन्हात भाजू नयेत हे कारण जर पुरेसे असेल, तर ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत कचेऱ्या सकाळी सव्वानऊला उघडून सायंकाळी पावणेसहाला सुटण्यास कोणता अडसर आहे? कामाचे तास तेवढेच राहतात. सकाळी लवकर निघणे बायकांना, विशेषतः घरचा डबा करून निघणाऱ्या कर्मचारी स्त्रियांना जड जाईल, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यांना विचारल्याखेरीज हा बदल होता कामा नये. दिवाळीनंतर सायंकाळी उशिरापर्यंत चालणाऱ्या खासगी शिकवण्यांनीही आपली वेळ मुलींच्या सायकलीकडे पाहून ठरवावी. त्याला तर शासनाच्या निर्णयाचीही गरज नाही.

रस्त्याची कडा ही सार्वजनिक बांधकाम विभागाच्या आणि महापालिकेच्या कक्षेतली बाब आहे, आणि तीत नवा निधी लागत नाही. खड्डे बुजविण्याच्या निविदेत साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणून देण्याची अट घालून ती पूर्ण झाल्याखेरीज देयक न देणे एवढेच पुरे. उसाच्या वाहनांचा प्रश्न कारखान्यांनी वाहतूकदारांशी केलेल्या करारातच सुटू शकतो. वाहतूकदाराला उचल देताना जी कागदपत्रे तपासली जातात त्यांत मागचा दिवा का तपासला जाऊ नये? वजनकाट्यावर रोज प्रत्येक गाडी थांबतेच. तेथे दिवा नसलेल्या गाडीची पावती अडवून ठेवली, तर आठ दिवसांत जिल्ह्यातल्या सगळ्या ट्रॉल्या उजळतील. गाळप परवाना दर हंगामाला पुण्याहून साखर आयुक्तांकडून नव्याने घ्यावा लागतो. त्याच्या अटींत ही एक ओळ वाढवायची तर दसऱ्याला बॉयलर पेटण्यापूर्वीच ते पत्र निघाले पाहिजे.