मनगट घडते कोठे आणि मोडते कोठे?

चैत्र लागला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो. येरमाळ्याच्या येडेश्वरीपासून तो पाच-पन्नास उंबऱ्यांच्या वाडीपर्यंत पालख्या निघतात, कुस्त्यांचे फड भरतात, आणि फड उठला की पाराच्या कट्ट्यावर पंजाची बैठक जमते. दोन गडी समोरासमोर बसतात, कोपरे टेकतात, मुठीत मूठ अडकवितात, आणि भोवतालचा घोळका वादाला लागतो. कोणी म्हणतो, लोहाराच्या पोराला हलविणारा अजून जन्मावयाचा आहे. कोणी म्हणतो, हमालापुढे लोहार काय चीज! तालमीतला गडी मुकाट्याने अस्तनी वर करून दंड दाखवितो. हा वाद करमणुकीचा आहे खरा. परंतु त्याच्या पोटी आपल्या हातांच्या किंमतीचा प्रश्न दडलेला आहे, म्हणून आज त्याविषयी चार शब्द लिहितो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की पंजा हा एकट्या दंडाचा खेळ नव्हे. ज्याने पहार लावून धोंडा उलथला आहे त्यास हे निराळे सांगावयास नको. टेकू कोपराशी आणि जोर टोकाशी. जो पहारीच्या टोकाकडे धरतो त्याचे काम थोडक्यात होते. पंजातही जो समोरच्याच्या बोटांवर चढला, ज्याने त्याचे मनगट मागे मोडले, त्याने अर्धी बाजी मारली. मग समोरच्याचा दंड मांडीएवढा असला तरी काय उपयोग? म्हणून बोटांची पकड, मनगटाची मुरड, हात आपल्याकडे ओढणारी पाठ आणि जागच्या जागी दम धरण्याची सवय, या चार गोष्टी ज्या धंद्यात रोज घडतात तो धंदा पंजाला उपयोगी. हे माप एकदा हाती घेतले म्हणजे निवाडा सोपा होतो.

या मापाने आम्ही पहिला मान लोहारास देतो. पण लोक समजतात त्या कारणाने नव्हे. लोक घण मारणाऱ्या हाताकडे पाहतात. आम्ही म्हणतो, सांडशीच्या हाताकडे पाहा! तापलेल्या लोखंडावर घाव पडत असता सांडशी सुटू न देणे, घावागणिक लोखंड फिरविणे आणि मनगट ढळू न देणे, हीच पंजाची विद्या आहे. आणि घणाचेच म्हणाल तर रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडे जा. तेथे नवरा लोखंड धरून बसलेला असतो व घण बहुधा त्याची बायको घालीत असते. तिचे नाव मात्र पारावरच्या वादात कोणी घेत नाही.

दुसरा मान आम्ही भूम-वाशीकडच्या खवा भट्टीवाल्यांस देतो. पाच लिटर दूध आटते तेव्हा सुमारे किलोभर खवा उतरतो. दूध पातळ असते तोवर मूलही ढवळील. पण ते घट्ट होऊ लागले की उलथणे जड होत जाते, आणि हात थांबला की खवा करपतो. धुरात, जाळाजवळ, थकव्याच्या वेळीच जास्त जोर लावावयाचा, असा हा धंदा आहे. जेथे आता यंत्राची कढई फिरते तेथली गोष्ट वेगळी. जेथे अजून हाताने घोटतात तेथल्या माणसाशी पंजा लावताना गड्याने विचार करावा.

मग येतो सुतार; गिरमिट व पेचकस पिळून त्याच्या मनगटात मुरड येते. मोटारीचा मिस्त्री याच पंगतीतला. अमेरिकेत जॉन ब्रझेंक नावाचा पंजाचा जगप्रसिद्ध मल्ल झाला. तो पोटासाठी विमानांची दुरुस्ती करणारा मिस्त्री होता. त्याच देशातला क्लीव्ह डीन हा दुसरा नामांकित गडी डुकरे पाळणारा शेतकरी. तेव्हा हे केवळ आमच्या पाराचे शास्त्र नव्हे. बाजारातला हमाल बोटांत आकडा अडकवून सोयाबीनची पोती ओढतो, त्याची बोटे सहसा उघडत नाहीत. दोन म्हशींची धार सकाळ-संध्याकाळ काढणाऱ्याची मूठ दिवसाकाठी शेकडो वेळा आवळली जाते. परीट ओली चादर पिळतो, कुंभार माती मळतो, धनगर कातर चालवितो. यांपैकी एकाचाही हात कच्चा नसतो. तेर ही तर गोरोबाकाकांची भूमी. ज्या थापटण्याने मडक्याचे कच्चेपण कळते त्यानेच काकांनी संतांची परीक्षा केली, अशी कथा आपल्या घरोघरी आहे. हाताला पारख असते, हे आमच्या लोकांना फार पूर्वीच कळले होते.

आणि आमच्या आयाबहिणी? आडातून हातोहात दोराने पाणी शेंदणे म्हणजे पाठ, कोपर व पकड यांची एकाच वेळी तालीम. जात्याचा खुंटा धरून पहाटे पायली दळणाऱ्या आज्ज्यांची मनगटे आम्ही पाहिली आहेत. आज नळ आले, गिरण्या आल्या, हे फार चांगले झाले. त्या कष्टांची आठवण गोड करून सांगण्याचा ढोंगीपणा आम्ही करणार नाही. पण पंजाची बैठक फक्त पुरुषांची, हा नियम कोणी केला?

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘मग तालमीची गरजच काय? तुम्हा लोकांना कामातच व्यायाम होतो!’ हे वाक्य आम्ही पांढरपेशा मंडळींच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे, आणि ते साळसूद दिसले तरी विषारी आहे. कष्टाने बळ येते हे अर्धेच सत्य. कष्ट, खुराक व विसावा या तिघांनी मिळून बळ येते. पैकी दोन काढून घेतली तर उरलेला एकटा कष्ट माणसास झिजवितो. शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबागेचे मैदान बांधले, तसाच मल्लांच्या खुराकाचाही भार उचलला. त्यांना हे मर्म ठाऊक होते.

ऊसतोड्याचेच पाहा. दिवाळी झाली की आमच्या कळंब, भूम, वाशी, परंड्याकडील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांच्या मुलखात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे माणसे म्हणत नाहीत, ‘कोयता’ म्हणतात! दिवसभर कोयता चालवावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवावयाच्या. पकडीचे बळ त्यांना येते यात शंका नाही. पण रात्री-अपरात्री गाडी भरावी लागते, जेवण भाकरी-मिरचीचे, आणि विसावा आजारपणाचा. २०२४ च्या आरंभी तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली ती चांगलीच. परंतु दर वाढल्याने रात्रीची झोप परत मिळत नाही. चाळिशीत ज्याची बोटे सकाळी मिटत नाहीत, त्याला ‘तुझा धंदा बळ वाढविणारा’ म्हणून शाबासकी देणे ही थट्टा आहे.

याच वर्गातल्या एका पोराची हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. वीस-एकवीस वर्षांचा, अंगाने काटक. जत्रेत पाचशे रुपयांची पैज लागली. समोरचा वजनाने दीडपट. पोर हरावयास तयार होईना. हात मागे राहिला, आणि त्याने सगळे अंग व खांदा पुढे फिरवून जोर केला. सुकी काठी मोडावी तसा आवाज आला. दंडाचे हाड पिळवटून मोडले होते. घरी उचल आधीच खर्च झालेली. त्या हंगामात त्याच्या जागी त्याची आई फडात गेली. पाचशे रुपये मात्र ज्याचे त्याला मिळाले.

हा अपघात दैवाचा नव्हता, अज्ञानाचा होता. दंडाचे हाड ओझे सोसते, पीळ सोसत नाही. हात एकीकडे व छाती दुसरीकडे झाली की ते मोडते. आणि त्याला वेढून जाणारी नस दुखावली तर पंजा लुळा पडतो. म्हणून प्रत्येक पोराने दोन गोष्टी शिकाव्या. मूठ छातीसमोर ठेवावी व नजर आपल्या मुठीवरच असू द्यावी. हात मागे जाऊ लागला तर खांदा न फिरविता हार मानावी. आणखी एक. मांस लवकर वाढते, पण त्याला हाडाशी बांधणाऱ्या शिरा फार सावकाश बळकट होतात. कारागिराच्या शिरा वर्षानुवर्षांच्या कामाने पिकलेल्या असतात. चार महिने वजने उचलून दंड फुगविलेल्याने त्याची बरोबरी करू जाऊ नये, आणि कारागिरानेही दिवसभराच्या कामानंतर थकल्या हाताने पंजाला बसू नये.

यात्रा कमिट्यांस आमची विनंती आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या धाराशिवास महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, तेथे वजनाचे गट होते व पंच होते. पंजालाच तेवढे वाऱ्यावर का सोडता? एक भक्कम टेबल, कोपराखाली गादी, वजनाचे गट, एक जाणता पंच, बायामुलींची स्वतंत्र जोड, आणि पैजेला सक्त मनाई; एवढ्याला तमाशाच्या एका रात्रीचाही खर्च येत नाही. बक्षीस द्यावयाचे तर रोख न देता दुधाचा महिन्याचा रतीब द्या.

आणि घोळक्यातल्या बंधुभगिनींनो, कोणाचा धंदा थोर हा वाद खुशाल घाला. लोहार जिंको की हमाल, जिंकणारे मनगट आपल्याच घरातले आहे. त्याला घट्टे पडले आहेत म्हणून ते चारचौघांत लपवू नका. पण उद्या पहाटे त्याच हाताला कामावर जावयाचे आहे, आणि तो मोडला तर घरात दुसरा नाही, हे कोपर टेकण्यापूर्वी एकदा आठवा.