देवदास : पुस्तकातला आणि पडद्यावरचा

स्नेहसंमेलन जवळ आले की नृत्यांच्या यादीत 'डोला रे डोला' हे गाणे बहुधा असतेच. गाणे २००२ सालचे. आज ते बसवणाऱ्या मुलींचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. मुलींनी ते जरूर नाचावे, आमची काही हरकत नाही. पण या निमित्ताने मुलांशी बोलणे होते तेव्हा लक्षात येते की त्यांच्या लेखी देवदास म्हणजे तो चित्रपट. त्यामागे शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची कादंबरी आहे हे काहींना माहीत असते, पण वाचलेली फारच थोड्यांनी. म्हणून जरा स्पष्ट लिहितो. संजय लीला भन्साळी यांच्या 'देवदास'ने आमची निराशा केली, आणि कादंबरी पुन्हा वाचल्यावर ती निराशा कमी न होता वाढलीच.

चित्रपटात चांगले काही नाही असे कोण म्हणेल? नितीन चंद्रकांत देसाई यांनी उभे केलेले महाल, सरोज खान यांची नृत्ये, श्रेया घोषाल यांचा तेव्हा अगदी नवा असलेला आवाज, या तिघांनाही त्या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आपल्या माधुरी दीक्षित यांची चंद्रमुखी तर नायक-नायिकेपेक्षा जास्त लक्षात राहते. सुमारे ५० कोटी रुपये खर्च झाल्याची चर्चा त्या वेळी होती आणि तो खर्च पडद्यावर दिसतो. आमची तक्रार नेमकी तीच आहे. दिसते ते फार, आणि त्याखाली गोष्ट गुदमरते.

शरदबाबूंनी ही कादंबरी पंचविशीच्या आसपास लिहिली आणि बरीच वर्षे बाजूला ठेवली. छापावी की नाही याचा त्यांनाच संकोच होता. अखेर १९१७ साली ती पुस्तकरूपाने आली. गोष्ट अगदी साधी. बंगालमधले एक खेडे, शेजारशेजारची दोन घरे, एक जमीनदार मुखर्ज्यांचे, दुसरे बेताच्या परिस्थितीतल्या चक्रवर्तींचे. पार्वती तेरा वर्षांची झाल्यावर तिच्या आजीने लग्नाचा विषय काढला. मुखर्ज्यांनी नकार दिला. का? तर चक्रवर्तींचे घर मुलीबद्दल पैसे घेणारे, ज्याला आपल्याकडे देज म्हणत; आणि शिवाय अगदी दाराशेजारची सोयरीक. बस्, एवढेच. कुणी कट केला नाही, भर सभेत कुणाचा अपमान केला नाही. चांगल्या म्हणवणाऱ्या माणसांनी चारचौघांची रीत पाळली.

मग ती मुलगी रात्री एकटी देवदासच्या खोलीत जाते. त्या काळच्या तेरा वर्षांच्या मुलीने सगळी अब्रू पणाला लावली, आणि देवदासला काळजी कसली, तर लोक काय म्हणतील याची! तो वडिलांपुढे धड उभा राहू शकत नाही, कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून एक पत्र टाकतो की तुझ्यावर माझे तसे प्रेम कधी नव्हते. पत्र टाकल्यावर पस्तावतो, पण तोवर उशीर झालेला असतो. पुढे घाटावर पारो त्याला तोडीस तोड उत्तर देते तेव्हा हातातला मासे धरायचा गळ तो तिच्या कपाळावर मारतो. ती खूण जन्मभर राहते.

चित्रपटात गळ नाही, तिथे दागिना आहे. देवदास विलायतेहून परत येतो, पारो दहा वर्षे त्याच्या नावाने दिवा तेवत ठेवते. कादंबरीत ना विलायत, ना दिवा. असे बदल दिग्दर्शकाने करू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पुस्तकाची पाने जशीच्या तशी पडद्यावर चिकटवली म्हणजे चित्रपट होत नाही. पण एक बदल असा आहे की त्याने मूळ दुःखच पुसून टाकले.

तो बदल म्हणजे खलनायिका. चित्रपटातली भावजय कुमुद सतत कान भरते, आई कौशल्या पारोच्या आईला भरल्या घरात अपमानित करते, पारोच्या सासरी पुन्हा एक कालीबाबू आहेच. कादंबरीतल्या भावजयीलाही पैशाचा लोभ आहे, पण हे लग्न तिने मोडलेले नाही. ते मोडले रीतीने आणि देवदासच्या भित्रेपणाने. चित्रपटात कुमुदकडे बोट दाखवले की प्रेक्षक मोकळा होतो, देवदासही मोकळा होतो. तो केवळ दुष्ट माणसांचा बळी ठरतो आणि त्याचे पिणेसुद्धा प्रेमाच्या थोरवीत जमा होते.

पालकांनी इथे जरा थांबून विचार करावा असे आम्हाला वाटते. मुलगा दोन दिवस गप्प बसला की आपण हसून म्हणतो, "काय रे, देवदास झालास का?" त्या हसण्यात थोडे कौतुकही असते. शरदबाबूंनी मात्र त्याचे कौतुक केलेले नाही. कादंबरीच्या शेवटी ते वाचकाजवळ त्याच्यासाठी दया मागतात, बाकी काही नाही. आणि आपल्या समाजात आजही सोयरिकी कशा ठरतात हे आपण सर्व जाणतो. इंदुरात आपली घरे मोजकी, सगळे सगळ्यांना ओळखतात. 'मुलगी चांगली आहे, पण घर...' हे वाक्य सज्जन माणसेच बोलतात, चहा पिता पिता. पुस्तकातले मुखर्जी असेच आहेत. त्यांना वाचताना आपल्याला थोडे चोरट्यासारखे होते. चित्रपटातल्या कौशल्येला पाहताना तसे काही होत नाही. 'संगीत शारदा'वर पोसलेल्या आपल्या लोकांना तर हे नवे नको. मोठ्या मुलांचा बाप असलेल्या विधुराच्या घरी पारो नांदायला जाते, तेव्हा देवलांची शारदा आठवल्याशिवाय राहत नाही.

पडद्यावर ही गोष्ट नीट सांगताच येत नाही, असेही नाही. प्रमथेश बरुआ यांनी १९३५ साली बंगालीत आणि लगेच सैगल यांना घेऊन हिंदीत 'देवदास' केला. त्याचे छायाचित्रण करणारे बिमल रॉय यांनी १९५५ साली दिलीपकुमार, सुचित्रा सेन आणि वैजयंतीमाला यांना घेऊन तो पुन्हा केला. कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी कधीच भेटत नाहीत. बिमलदांनी त्यांना एकदाच समोर आणले. एक पालखीत, दुसरी पायी. दोघी एकमेकींकडे पाहतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. एक शब्द नाही. याच दोघी २००२ साली दुर्गापूजेत एकत्र नाचतात, आणि नाचतात उत्तमच! पण त्या पालखीपाशी जे कळते ते या नाचात हरवते.

शेवटाचेही तेच. पारोने धावत सुटावे आणि दरवाजा बंद व्हावा, हे बिमलदांकडेही आहे, त्याचा दोष भन्साळींना देता येणार नाही. पण कादंबरीत देवदास रात्री बैलगाडीतून पारोच्या सासरच्या गावी पोचतो आणि झाडाखाली मरतो. गावातले कोणी प्रेताला हात लावत नाही. शेवटी चांडाळ त्याला कसेबसे जाळतात, तेही अर्धवट. तो कोण होता हे पारोला नंतर कळते. मुखर्ज्यांच्या लेकाची ही गत! ज्या रीतीपायी पारोला नाकारले, तीच रीत त्याच्या प्रेतापाशी उभी आहे. चित्रपटात मात्र उंच खांब, लांबलचक पदर आणि मोठे संगीत.

मामा वरेरकरांनी शरदबाबूंच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि आपल्या आधीच्या पिढ्यांनी त्या घरोघरी वाचल्या. आज आपल्या शहरात 'देवदास'चा हिंदी अनुवाद सहज मिळतो. विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की यंदाच्या ग्रंथखरेदीत मराठी आणि हिंदी, दोन्ही प्रती घ्याव्यात. पुस्तक लहान आहे, सुट्टीतल्या दोन दुपारी पुरतात. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी ते वाचून, चित्रपट पुन्हा पाहून आम्हाला लिहावे. आमचे मत खोडून चित्रपटाची बाजू घेणारा लेख आला तर तो पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापू.