विश्लेषण : बडीशेप ग्लुटेनमुक्त, पण मुखवासाच्या वाटीचे काय?

गहू कायमचा सोडावा लागलेल्या माणसाला जेवणानंतर चमचाभर बडीशेप खाता येते का? येते. मात्र ती बडीशेप कुठे साठवली, कशात भाजली आणि कशावर दळली, यावर तिची सुरक्षितता ठरते. ही चौकशी करण्याचे ओझे आज एकट्या रुग्णावर आहे. ते तसे असू नये.

बडीशेपेत ग्लुटेन असते का?

नाही. ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिन आहे. मैदा, रवा, दलिया, गव्हाच्या शेवया यांत ते असते. खपली गहू पचायला हलका मानला जातो, पण ग्लुटेन त्यातही असते. बडीशेप मात्र धान्य नाही. धणे, जिरे, ओवा आणि गाजर यांच्या कुळातील वनस्पतीचे ते सुकलेले फळ आहे. त्यामुळे अख्खी, स्वच्छ बडीशेप ग्लुटेनमुक्त आहाराला चालते.

हा आहार कोणासाठी सक्तीचा?

सिलिअॅक आजार असलेल्यांसाठी. या आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याचे अस्तर झिजते आणि अन्नातील लोह, कॅल्शियम नीट शोषले जात नाही. लहान मुलांची वाढ खुंटते, मोठ्यांमध्ये रक्तक्षय आणि हाडांचा ठिसूळपणा दिसतो. उत्तर भारतात साधारण शंभरात एका व्यक्तीला हा आजार असल्याचे पाहण्यांतून दिसले आहे. आयुष्यभर ग्लुटेन टाळणे हाच त्यावरचा उपाय आहे. ‘डाएट’ म्हणून चपाती सोडणारे आणि हे रुग्ण यांची गल्लत झाली, की हॉटेलातला वाढपी आणि घरचे पाहुणे दोघेही म्हणतात, ‘थोड्याने काय होतंय?’

थोड्याने खरेच काय होते?

गव्हाच्या पिठात साधारण आठ ते दहा टक्के ग्लुटेन असते. म्हणजे अर्धा ग्रॅम मैद्यात सुमारे 40 ते 50 मिलिग्रॅम. सिलिअॅक रुग्णांवरील 2007 सालच्या एका अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यावर आतड्याला इजा झाल्याचे आढळले होते. अर्धा ग्रॅम मैदा म्हणजे चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढा. शिवाय भाजल्याने किंवा तळल्याने ग्लुटेन नाहीसे होत नाही.

मग बडीशेपेत गहू येतो कुठून?

वाटेत येतो. बडीशेपेचे मोठे पीक गुजरात आणि राजस्थानात होते आणि त्याच भागात रब्बीत गहूही पिकतो. मळणी, पोती, गोदाम, वाण्याचे माप यांपैकी कुठेही गव्हाचे दाणे मिसळू शकतात. पण दाणा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे तो वेचून काढता येतो.

खरी अडचण पिठाची आहे. उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कांडून आणण्याची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. मालवणी मसाल्यात बडीशेप असतेच. अनेक ठिकाणी मसाला कांडण्याचे यंत्र आणि गव्हाची गिरणी एकाच गाळ्यात शेजारी शेजारी चालतात. तिथे पीठ हवेत उडत असते. ते मसाल्यात बसले, तर ना दिसते ना निवडता येते.

तिसरी जागा हॉटेलच्या गल्ल्यावरची वाटी. बडीशेप आणि खडीसाखर, एकच चमचा आणि तो सोडून थेट हाताने उचलणारे ग्राहक. नुकतीच चपाती किंवा पाव मोडलेली बोटे त्या वाटीत जातात. पंगतीतल्या तबकाचेही तेच. इतरांसाठी हा फार तर स्वच्छतेचा प्रश्न आहे, सिलिअॅक रुग्णासाठी तो आतड्याचा आहे.

हिंगाचा संबंध काय?

हिंगाचे झाड बडीशेपेच्याच कुळातले. शुद्ध हिंगात ग्लुटेन नसते. पण घराघरांतल्या डबीत असतो तो बांधणी हिंग. त्यात हिंगासोबत डिंक, स्टार्च किंवा धान्याचे पीठ घालण्याची मुभा नियमांतच आहे. हे पीठ कधी तांदळाचे असते, कधी गव्हाचे. बडीशेप घातलेली पाचक चूर्णे, हिंगाच्या गोळ्या आणि चटपटीत मुखवास यांत हा हिंग असू शकतो. त्यामुळे पाकिटावर ‘हिंग’ एवढेच लिहिलेले असेल, तर रुग्णाने ते पाकीट दुकानातच ठेवलेले बरे. साखरेचा मुलामा दिलेल्या रंगीत बडीशेपेवर ‘स्टार्च’ असा उल्लेख असेल, तर तो कशाचा हेही पाहावे.

कायदा काय सांगतो?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘ग्लुटेन फ्री’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाची मर्यादाही तीच आहे. 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्य हा घटक असेल, तर पाकिटावर तसे सांगणे बंधनकारक आहे.

मात्र उत्पादन करताना चुकून मिसळ होण्याची शक्यता असेल, तर ‘असू शकते’ ही सूचना देणे उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेले आहे. म्हणून ती सूचना नसणे हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. वाण्याकडची सुटी बडीशेप, पानाच्या गादीवरचा मुखवास आणि हॉटेलातली वाटी यांना तर लेबलच नसते.

घरी काय करावे?

- पूड घेऊ नये, अख्खी बडीशेप घ्यावी. सुट्यापेक्षा बंद पाकीट बरे, ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेले मिळाले तर उत्तम.
- परातीत पसरून दाणा न् दाणा निवडावी. नंतर धुऊन कडक उन्हात वाळवावी.
- रवा भाजायची कढई वापरू नये, वेगळे भांडे ठेवावे.
- पूड लागेल तेवढी घरच्या मिक्सरवर, वेगळ्या भांड्यात करावी. गिरणीत देऊ नये.
- डबा आणि चमचा स्वतंत्र असावा. कणकेचा हात त्यात जाऊ नये.
- बाहेर जाताना छोटी डबी सोबत ठेवावी, समोर आलेल्या वाटीला नम्रपणे नकार द्यावा.

धणे, जिरे किंवा बडीशेपेच्या कुळातील इतर पदार्थांची अॅलर्जी असलेल्यांनी बडीशेपही जपून खावी. तो त्रास ग्लुटेनशी संबंधित नाही.

बडीशेप हा उपाय आहे का?

गॅस झाला, पोट फुगले की ‘बडीशेप खा’ हा सल्ला घरोघरी मिळतो. जड जेवणानंतर तो ठीकच आहे. पण मूल महिनोन् महिने पोट दुखते म्हणत असेल, वजन वाढत नसेल, जुलाब थांबत नसतील किंवा गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर बडीशेपेचे पाणी निदान लांबवते. आतड्याची झीज ती थांबवू शकत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडून सिलिअॅकची रक्त तपासणी करून घ्यावी आणि त्याआधी गहू स्वतःहून बंद करू नये. गहू आधीच सोडला, तर रक्तातील खुणा कमी होतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्रात ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ आहेत. भाकरी-भातावर वाढलेल्या या प्रांतात ग्लुटेनमुक्त जेवणासाठी परदेशी पाकिटांची गरज नाही. अडते ते चिमूटभर हिंगाशी, कांडलेल्या मसाल्याशी आणि मुखवासाच्या वाटीशी.

यावरचे उपाय महागडे नाहीत. हिंगाच्या डबीवर पीठ कशाचे ते ठळक मराठीत छापता येईल. मिसळीची सूचना ऐच्छिक न ठेवता सक्तीची करता येईल. कांडपवाल्याला आठवड्यातला एक दिवस, यंत्र धुऊन, गिरणी बंद ठेवून केवळ मसाल्यासाठी राखता येईल. हॉटेलांना वाटीऐवजी बडीशेपेच्या छोट्या बंद पुड्या ठेवता येतील, काही ठिकाणी त्या दिसतातही. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून शाकाहारी माणूस क्षणात निर्धास्त होतो. कारण त्याच्या आहाराची दखल कायद्याने घेतली. सिलिअॅक असलेल्या मुलाला चमचाभर बडीशेपेसाठी तेवढाच निर्धास्तपणा मिळायला हवा.