राहिलेल्या वस्तूचा मालक कोण?

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या मार्गात अडथळा ठरलेली सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडण्यात आली. 29 सप्टेंबर 2024 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 2025 च्या जूनमध्ये गोव्याची, ऑक्टोबरमध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. चिमणी पडल्याचा संताप आणि विमान आल्याचा हर्ष या दोहोंची चर्चा जिल्ह्यात भरपूर झाली. परंतु विमानाबरोबर या भागातील सामान्य माणसाच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट आली आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. ती म्हणजे सुरक्षा तपासणीचा पट्टा, आणि त्या पट्ट्यावर राहून जाणारी त्याची वस्तू.

अक्कलकोटपासून हे विमानतळ अवघ्या चाळीसेक किलोमीटरवर आहे. दुधनी-मैंदर्गीकडचा एखादा गवंडी आखाती देशात कामाला निघाला, किंवा स्वामी समर्थांच्या दर्शनाला आलेले वृद्ध दांपत्य मुलाने काढून दिलेल्या तिकिटावर प्रथमच विमानाने परत निघाले, तर त्यांच्या वाट्याला काय येते? मागून रांग रेटत असते. पट्टा, घड्याळ, मोबाइल, खिशातील सुटे पैसे काढून ट्रेमध्ये ठेवावे लागतात. सूचना हिंदीत वा इंग्रजीत. ऐकणाऱ्याच्या घरची भाषा बहुधा कानडी, बाहेरची मराठी. पलीकडे ट्रे आला की हाती येईल ते उचलून पुढे सरकायचे. चष्मा, औषधांची पिशवी, कागदपत्रांचे पाकीट यांतले काही मागे राहिले हे कळते ते विमान उडाल्यावर.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. हा तपासणी करणाऱ्या जवानावरील आरोप नव्हे. डिसेंबर 1999 मधील कंदाहार अपहरणानंतर, फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून आरंभ करून, देशातील मोठ्या विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. विसरलेली रोकड आणि दागिने या दलाच्या जवानांनी प्रामाणिकपणे परत केल्याची उदाहरणे विपुल आहेत. सापडलेल्या वस्तूची नोंद होते, ती विमानतळ चालविणाऱ्यांच्या ताब्यात जाते, यादी संकेतस्थळावर लागते. दोष माणसांचा नाही, व्यवस्थेच्या गृहीतकाचा आहे. ज्याची वस्तू हरवली तो इंग्रजी यादी वाचतो, ईमेल लिहितो, ओळखपत्र जोडतो आणि एक तर पुन्हा विमानतळावर येतो, नाही तर अधिकारपत्र देऊन कुरियरचा खर्च सोसतो, असे ही व्यवस्था धरून चालते. लॅपटॉपच्या मालकाला हे सारे जमते. परंतु तीनशे रुपयांच्या चष्म्यासाठी अक्कलकोटहून पुण्याला किंवा मुंबईला कोण जाणार? जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला रोज धरला तर चष्मा नवा घेतलेला स्वस्त. तो नवा घेतला जातो आणि जुना बेवारस ठरतो. बेवारस हा शब्द येथे मोठा सोयीचा आहे. वारस जिवंत असतो, त्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि आसनाचा क्रमांकही विमान कंपनीच्या नोंदीत असतो; तरीही त्याला शोधण्याची जबाबदारी कोणाची नसते, वस्तूला शोधत येण्याची जबाबदारी मात्र त्याची असते.

कायदा पाहिला तर चित्र निराळे आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 71 नुसार सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याच्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी ठेवदाराइतकीच येते. विमानतळ प्राधिकरणाच्या 1994 च्या कायद्यातही अशा वस्तू सुरक्षित ठेवून परत करण्यासाठी नियम करण्याची तरतूद आहे. शिवाय प्रवाशाने पैसे मोजलेलेच असतात. 1 एप्रिल 2021 पासून देशांतर्गत प्रवाशामागे 200 रुपये सुरक्षा शुल्क ठरले आणि ते तिकिटातच वसूल होऊ लागले. ज्या तपासणीसाठी हे शुल्क द्यायचे, तिच्या पट्ट्यावर राहिलेली पिशवी घरी पोहोचविणे हा त्या सेवेचाच भाग का मानू नये?

एसटीशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. अक्कलकोटच्या गाडीत पिशवी राहिली तर माणूस स्थानकावरील नियंत्रकाकडे जातो, कोणती गाडी, किती वाजताची, हे सांगतो. गाडी परतताना कंडक्टर पिशवी घेऊन येतो. सारे काम तोंडी आणि स्वतःच्या भाषेत. प्रत्येक वेळी असे घडतेच असे नाही, पण घडते तेव्हा अर्ज लागत नाही. रेल्वे सुरक्षा दलानेही विसरलेले सामान परत करण्यासाठी ‘अमानत’ नावाचा उपक्रम चालविला आहे. नाव नेमके आहे: ती वस्तू जप्तीची नव्हे, दुसऱ्याची ठेव आहे.

विसरलेल्या वस्तूंखेरीज काढून घेतलेल्या वस्तूंचाही प्रश्न आहे. आजोबांच्या चंचीतील अडकित्ता, न्हाव्याचा वस्तरा, सुताराची पटाशी हातातील पिशवीत नेता येत नाही. सुरक्षेचा हा नियम रास्तच आहे. पण मोठे सामान एकदा आत गेल्यावर आणि पोहोचवायला आलेले नातलग परतल्यावर प्रवाशापुढे ती टाकून देण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि बहुधा पावतीही मिळत नाही. कारागिराचे हत्यार म्हणजे त्याची रोजी. नियम माणसाकडे पाहून वाकू शकतो, हे नारळाने दाखवून दिले आहे. शबरीमलेच्या यात्रेकरूंना सोबतच्या पिशवीत नारळ नेण्याची मुभा नागरी विमान सुरक्षा ब्युरोने ऑक्टोबर 2024 मध्ये, 20 जानेवारी 2025 पर्यंत दिली. तपासणी कायम राहिली आणि नारळही गेला.

विमानाने जाणाऱ्याची वस्तू हा समाजवाद्यांचा प्रश्न कसा, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला, तेव्हा समाजवाद्यांनी त्याचे समर्थनच केले होते. त्या वादाचा विषय जमीनदाराची जमीन आणि भांडवलदाराची गिरणी हा होता, गवंड्याचा चष्मा नव्हे. श्रमाने मिळविलेली वापरातली वस्तू आणि दुसऱ्याच्या श्रमावर साठलेली संपत्ती यांत समाजवादाने सदैव फरक केला आहे. शिवाय उडान योजनेत हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसविण्याचे आश्वासन सरकारनेच दिले. तो बसला असेल तर त्याची चप्पलही हिशेबात घ्यावी लागेल.

प्राधिकरणाच्या विमानतळांना स्थानिक खासदारांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असते. सोलापूरच्या कार्यकर्त्यांनी या समितीपुढे मागण्या ठेवाव्यात: तपासणीच्या जागी मराठी व कानडी फलक, काढून घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती, आणि परतीच्या प्रवासापर्यंत ती ठेवण्याची सोय, राहिलेल्या वस्तूच्या मालकाला त्याच दिवशी दूरध्वनी, आणि वस्तू टपालाने त्याच्या गावी, सुरक्षा शुल्कातून. डाकघर मैंदर्गीतही आहे आणि दुधनीतही.